उभी बाटली, आडवी बाटली आणि न आलेल्या बायकांची मतं

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांचा आहे, राजारामपुरीत रूम करून राहतो. मित्र म्हणतो महाराष्ट्रात दारू प्यायला सरकारी परवाना लागतो. आम्हाला तर आजवर कुठल्याच बारमध्ये कुणी विचारला नाही. खरं काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मित्र बरोबर सांगतोय बाळा. आपला कायदा 1949 चा, आणि त्याचं नावच दारूबंदी कायदा आहे. म्हणजे कागदावर बंदी, आणि परवाना काढलेल्याला सूट. एक दिवसाचा परवाना विदेशी दारूला 5 रुपये, देशीला 2, वर्षाचा 100 आणि कायमचा 1000. तुझं वय बघता बिअर आणि वाईन चालते, त्याला 21 पुरे. व्हिस्की, रम, देशी यांना 25 पूर्ण लागतात. तुला कुणी विचारलं नाही, माझी तक्रार नेमकी तीच आहे. परवान्याचं पुस्तक काउंटरखाली पडलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी दुकानदारच मनाला येतील ती नावं भरून टाकतो, आणि त्या नियमात अजून लिहिलंय की माणसाला आरोग्य टिकवायला दारू लागते म्हणून हा परवाना. एवढी वर्षं झाली, हे वाक्य काढायला कुठल्याच सरकारला वेळ मिळालेला नाही. वय तपासायचं एवढं एक काम मन लावून केलं असतं तर कॉलेजची किती पोरं वाचली असती.

प्रश्न : माझे मिस्टर सेंट्रिंगच्या कामाला जातात. दारू महाग झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं, म्हटलं आता कमी पितील. झालं उलटंच, पितात तेवढंच पण घरात पैसे कमी देतात. मग दर वाढवून काय मिळालं?
– एक भगिनी, कळंबा

उत्तर : वहिनी, सरकारला महसूल मिळाला. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळानं भारतात बनणाऱ्या विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तीन पटीवरून साडेचार पट केलं. 180 मिलीचा कमीत कमी दर देशीला 80 रुपये, विदेशीला 205 आणि भारीतल्या विदेशीला 360. आणि मधेच धान्यापासूनची 'महाराष्ट्र मेड लिकर' म्हणून एक नवीनच प्रकार काढला, 148 रुपयांचा. दारू कमी व्हावी असं मनात असतं तर देशी आणि विदेशीच्या मधे एक नवी पायरी कशाला बांधली असती? या सगळ्यातून वर्षाला 14,000 कोटी जादा येतील असं सरकारनंच सांगितलं.

दर वाढला की नवशिके आणि कधीतरी घेणारे कमी घेतात हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ज्याला रोज लागतेच तो दूध, गॅस, पोरांची फी यातनं पैसे काढतो, तुमच्या घरात तेच चाललंय. म्हणून त्या जादा पैशातला ठरलेला हिस्सा तालुक्या-तालुक्यात व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी बाजूला काढून ठेवा आणि तो कुठं खर्च झाला ते दाखवा, एवढंच आपण मागायला पाहिजे.

आणि एक कळकळीनं सांगते. रोज पिणाऱ्या माणसाची दारू शपथ घालून एकदम तोडू नका. हात थरथरणं, घाम, भास होणं, फिट येणं असं दोन-तीन दिवसांत होऊ शकतं आणि त्यात जीवही जातो. त्यांना सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात घेऊन जा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधानं सोडवता येते.

प्रश्न : गोव्यातून येताना दोन बाटल्या आणल्या तर चालतं का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. गोव्यात कर कमी म्हणून ती स्वस्त, पण गोव्यात विकायची दारू विनापरवाना इकडं आणली की गुन्हा, मग आंबोलीनं या नाहीतर चंदगडवरनं. इकडं दर वाढवले की तिकडचा ओढा वाढणार हे शाळेतल्या पोराला पण कळतं.

प्रश्न : आमच्या गावात देशीचं दुकान शाळेच्या वाटेवर आहे. सह्या गोळा केल्या, मतदान लावलं. आडव्या बाटलीला उभ्यापेक्षा कितीतरी जास्त मतं पडली तरी दुकान चालूच आहे. हा कुठला न्याय?
– बचत गटाच्या एक अध्यक्षा, करवीर तालुका

उत्तर : आक्का, तुमचं पत्र तीनदा वाचलं, कारण अशा एका मतदानाला मी दिवसभर शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. एक आजी शिक्का हातात धरून कितीतरी वेळ त्या कागदाकडं बघत राहिल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "झोपवली गं बाई एकदाची."

दुकान नाही झोपलं. 2008 च्या आदेशाप्रमाणं आधी गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, त्यांची पडताळणी होते, बाईला बोलावून सही तुमचीच का असं विचारतात, आणि दुकानदाराची माणसं समोर उभी असली की काही जणी तिथंच गळतात. त्यातनं मतदानापर्यंत पोचलात तरी दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पाहिजेत, मत टाकायला आलेल्यांच्या नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या. समजा यादीत 1200 नावं आहेत, 850 जणी आल्या, 590 आडव्या आणि 260 उभ्या. दुपटीहून जास्त मतं पडून पण तुम्ही हरलात, कारण 600 चा आकडा ओलांडला नाही. जी आली नाही तिचं मत आपोआप दुकानदाराच्या खिशात.

आणि न येणारी कोण असते? लग्न होऊन सांगलीला गेलेली पोरगी, जिचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे. वारलेली आजी. कागल एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला गेलेली, जिला सुट्टी मिळाली नाही. सरपंच, आमदार, खासदार सगळे आलेल्या मतांवर निवडून येतात, एक मत जास्त पडलं की गुलाल, मग फक्त दारूच्या दुकानालाच हे वेगळं माप का? मार्च 2025 मध्ये विधानसभेत सांगितलं गेलं की हाउसिंग सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायला सोसायटीची नाहरकत लागेल. चांगलं झालं, पण शहरातल्या माणसाला दुकान यायच्या आधी विचारणार आणि गावातल्या बाईनं आलेलं दुकान घालवायला अर्धा गाव गोळा करायचा, हे मला पटत नाही.

मी सरसकट बंदी मागत नाही. चंद्रपूरला 2015 ला बंदी आली आणि 2021 ला सरकारनंच उठवली, चोरटी दारू वाढली असं कारण देऊन. पण एका गावातल्या बायकांनी एक दुकान नको म्हटलं तर ते ऐकायला काय अडचण आहे? नियम बदलून आलेल्या मतांचं बहुमत धरा, हा ठराव ग्रामसभेत घ्या आणि आमदारांच्या हातात द्या.

तोवर परत मतदान मागायच्या आधी यादी साफ करा. मयत आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं कमी करायला नमुना 7 चा अर्ज असतो, गावातल्या बीएलओकडं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडं, तो भरून द्यायचा. यादीची झेरॉक्स काढून ठेवा आणि एखाद्या रविवारी मला बोलवा, तुमच्या बचत गटाच्या बैठकीत बसून एकेक नाव आपण मिळून तपासू.