गुन्हेगारी सिनेमातल्या रात्रीबद्दल

प्रिय,

पटकथा वाचली. वसुलीवाला जुन्या नाशकातल्या बोळात डायरी उघडून नोटा मोजतो, तो प्रसंग सिनेमाचा जीव आहे. पाठलागाचा प्रसंग छाटलास तरी चालेल. याला मात्र एक रात्र जास्त दे.

अंधार हवा म्हणून एक्सपोजर, म्हणजे कॅमेरा टिपतो तो प्रकाश, सरसकट कमी करू नकोस. तसं केलंस तर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटिंगनंतर रंग-उजेड ठरवताना, काळोख थोडा उचलला की दाणे उठतात आणि चित्र मातकट होतं. चेहऱ्याची उजळ बाजू नेहमीच्या एक्सपोजरपेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे निम्म्या प्रकाशाने) खाली ठेव, दुसरी बाजू तीन स्टॉप खाली जाऊ दे, आणि फ्रेममध्ये एक झगझगीत ठिपका असू दे: टपरीचा बल्ब, रिक्षाचा हेडलाइट. त्या ठिपक्यामुळेच बाकीचा काळोख गडद वाटतो.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे लुकलुकू नयेत यासाठी सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेव. स्वस्त एलईडी मात्र डिमरवर तरीही लुकलुकतात. डायरीवर साधा ४० वॅटचा पिवळा बल्ब टांग, म्हणजे बोटं आणि नोटांच्या कडा दिसतील, डोळे सावलीत राहतील.

रस्ता ओला करणार असशील तर दिवा पात्राच्या पाठीमागून, कॅमेऱ्याच्या दिशेने यायला हवा. कॅमेऱ्यामागून मारलास तर ओलं डांबर नुसतं काळं दिसतं. उन्हाळ्यात ते लगेच सुकतं, तेव्हा दर टेकआधी पाणी शिंपड, नाहीतर कट जुळत नाहीत. केबलचे जोड जमिनीपासून उचलून ठेव, यात हयगय नको.

गोदाघाटावर पहाटे घंटा सुरू होतात, त्यामुळे संवाद आधी उरकून घे. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून ३० सेकंद नुसता तिथला आवाज रेकॉर्ड कर.

सिगारेटचा पुन्हा विचार कर. थिएटरमध्ये ती दिसताच पडद्यावर आरोग्याचा इशारा येतो, शिवाय सुरुवातीला आणि मध्ये तंबाखूविरोधी संदेश दाखवावे लागतात. इतक्या कष्टाने उभी केलेली काळी फ्रेम त्या इशाऱ्याच्या अक्षरांनी मोडते. वसुलीवाल्याच्या हातात चहाचा ग्लास दे.

खोटं पिस्तूलही रस्त्यावर काढायचं तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळव. देवळालीच्या लष्करी हद्दीजवळ ड्रोन नकोच.

रेकी, म्हणजे जागेची आधीची पाहणी, शूटिंगच्याच वेळेला कर. कुठल्या दुकानाची पाटी किती वाजता विझते ते लिहून आण, मग आपण दिव्यांची यादी करू.