गिअरचा नॉब तुटला? आधी हात आवरा

प्रश्न : पंधरा वर्षं जुन्या गाडीचा गिअर नॉब तडकलाय. फिरवून पाहिला, हलत नाही. जोर लावू का?

अजिबात नको. आधी तो बसवलाय कसा ते बघा. खालचं रेक्झिनचं कव्हर वर सरकवून उजेड पाडा. बारीकसा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) किंवा नॉबला खालून टेकलेला, त्याला आवळून धरणारा चेक नट दिसला, तर तो सैल केल्याशिवाय नॉब सुटायचा नाही. काही नॉब आट्यांवर नसतातच, नुसते दाबून बसवलेले असतात. ते सरळ वर खेचायचे. ते एकदम झटक्यात सुटतात, म्हणून लिव्हरवर वाकून ओढू नका, थेट हनुवटीवर बसतो. रिव्हर्ससाठी उचलायची रिंग असेल तर तिला धरून मुळीच ओढू नका.

आट्यांचा नॉब गोंदाने धरला असेल तर हेअर ड्रायरने चांगला शेकवा आणि फडक्यात धरून डावीकडे फिरवा. दुसऱ्या हाताने लिव्हर घट्ट धरा, म्हणजे खालच्या जोडांवर पीळ येणार नाही.

प्रश्न : नवा नॉब कुठल्या मापाचा घ्यायचा?

नुसता व्यास मोजून भागत नाही. दांडा 10 मिलिमीटरचा असला तरी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.25 मिलिमीटर असू शकतं किंवा 1.5. सलग आठ आट्यांना पट्टी लावा : 10 मिलिमीटर भरले तर 1.25, 12 भरले तर 1.5. मग त्या मापाचा साधा नट दांड्यावर चढवून बघा, बोटांनी सरसर गेला पाहिजे. चुकीच्या पिचचा नॉब दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे पाना लावलात की दांड्याचे आटे गेलेच, आणि मग नॉबऐवजी लिव्हरचं काम निघतं.

प्रश्न : नॉब घट्ट बसला, पण वरचे आकडे तिरके राहिले.

अर्धा फेरा मागे घ्या, आकडे सरळ करा आणि खालून चेक नट आवळा. त्याच वेळी रिव्हर्सची खूण तुमच्या गाडीच्या गिअरशी जुळते का तेही तपासा. उद्या दुसरं कुणी गाडी चालवायला बसेल तेव्हा ते त्या खुणेवरच विसंबणार आहे.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडीलाही हीच पद्धत?

नाही. तिथे बटण आणि स्प्रिंग असते, काहींत वायरही. त्याच मॉडेलचा नॉब घ्या आणि जुना काढताना स्प्रिंग उडू देऊ नका.