वाचकांचे प्रश्न : हॅमचे बोलणे बदकासारखे का ऐकू येते?

प्रश्न : माझ्या शॉर्टवेव्ह रेडिओवर ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास माणसे बोलताना सापडतात, पण आवाज बदकासारखा येतो. शब्द एकही कळत नाही. रेडिओ बिघडला आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : रेडिओ ठणठणीत आहे. ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा ४० मीटर बँड. ते एसएसबीवर (सिंगल साइडबँड) बोलतात, म्हणजे कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) आणि तिच्या दोन बाजूंना आवाज धरून असलेल्या साइडबँडपैकी एक गाळून उरलेलेच पाठवतात. गाळलेला कॅरियर ऐकणाऱ्याच्या रेडिओने स्वतः तयार करायचा असतो, आणि साध्या रेडिओत ती सोय नसते. टेकसन पीएल-३३० सारख्या छोट्या सेटमध्ये ती आहे. ‘बारा बँड’ वगैरे जाहिरातीला भुलू नका. एसएसबी आहे का, एवढेच विचारा.

या बँडवर एलएसबी (खालचा साइडबँड) निवडा, १४ मेगाहर्ट्झवर यूएसबी (वरचा). आधी पूर्ण किलोहर्ट्झवर या, मग बारीक फिरवा. एलएसबीत आवाज चिरका वाटला तर आकडा थोडा खाली घ्या, घोगरा वाटला तर वर. माणूस माणसासारखा बोलू लागला की थांबा. ‘व्हिक्टर युनिफॉर्म टू’ किंवा ‘थ्री’ (म्हणजे VU2, VU3 ने सुरू होणारी ओळखखूण) ऐकू आले तर स्टेशन भारतातले. दुपारी जवळची स्टेशने मिळतात, अंधार पडला की लांबची.

प्रश्न : फ्लॅटमध्ये नुसती खरखर येते. बाहेर तार लावली तर फरक पडेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पडेल, पण आधी खरखर कुठून येते ते शोधा. रेडिओ बॅटरीवर चालू ठेवून घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे : बहुधा एलईडी दिवा, मोबाइल चार्जर किंवा वायफाय राउटरचा अडॅप्टर. मेन परत चालू करून एकेक वस्तू काढत जा. खरखर तशीच राहिली तर ती शेजारून किंवा रस्त्यावरून येते आहे; तिथे तारच कामाला येते.

आठ-दहा मीटर साधी इन्सुलेटेड वायर विजेच्या तारांपासून लांब ताणा आणि टोक क्लिपने टेलिस्कोपिक अँटेनाला लावा. जास्त लांब तार म्हणजे जास्त चांगले, हा गैरसमज. छोटा सेट ओव्हरलोड होतो आणि एकच जबर ब्रॉडकास्ट स्टेशन डायलवर चार ठिकाणी ऐकू येते. तसे झाले तर डीएक्स-लोकल (लांबचे-जवळचे) स्विच ‘लोकल’वर टाका, नाहीतर तार निम्मी करा. वळवाचे ढग दिसले की क्लिप काढून ठेवा. वीज न पडताही तारेवर साठलेला विद्युतभार रेडिओचा पहिला ट्रान्झिस्टर जाळतो.