दिवाळीच्या सुटीत राहिलेली गोधडी : वाचकांचे प्रश्न

घट बसण्यापूर्वी घरातील सारी पांघरुणे धुऊन वाळवण्याची रीत नाशिक परिसरातील पुष्कळ घरांत अजून पाळली जाते, आणि त्याच आवराआवरीत पेटीच्या तळाशी पडलेली अर्धवट गोधडीही वर येते. ती पुन्हा तळाशी जाऊ नये, अशी इच्छा व्यक्त करणारी बरीच पत्रे या सदराकडे आली. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे तीन कामे पडून आहेत. सासूबाईंच्या लुगड्यांची एक मोठी गोधडी, जी चारही बाजूंनी शिवून झाली आहे पण मध्य मोकळा आहे. रंगीत चौकोन मशीनवर जोडून केलेला पांघरुणाचा वरचा भाग, ज्याला अजून अस्तर लावलेले नाही. आणि मुलाच्या जन्माआधी सुरू केलेले दुपटे. तो मुलगा आता सातवीत आहे. सुटी लागली की मी तिन्ही बाहेर काढते आणि शाळा सुरू झाली की तशीच ठेवून देते. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : यंदा तिन्ही एकदम बाहेर काढू नका. अर्धवट काम बहुतेक वेळा कंटाळ्यामुळे थांबलेले नसते. ते एखाद्या ठरावीक टप्प्यावर अडलेले असते, आणि तो टप्पा कोणता हे ओळखल्याशिवाय पुन्हा सुई हाती घेतली, तर आपण त्याच जागी पुन्हा अडतो. तुमच्या तिन्ही कामांच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत, म्हणून त्यांना एकच वेळ आणि एकच उपाय लागू पडणार नाही.

मोठ्या गोधडीपासून आरंभ करा, कारण ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेली आहे. आपल्याकडची गोधडी कडेकडेने शिवत आत जातात. समजा, ती पाच फूट रुंद आणि सात फूट लांब आहे आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर आहे, तर सगळ्या ओळींची लांबी मिळून सुमारे 840 फूट होते. एका फुटाला दोन मिनिटे धरली, तर हे काम 28 तासांचे आहे. मात्र कडांनी शिवत येऊन मध्ये अडीच फूट रुंद आणि साडेतीन फूट लांब एवढाच भाग मोकळा उरला असेल, तर तो नजरेला अर्धा वाटला तरी प्रत्यक्षात पावच असतो : 210 फूट, म्हणजे सात तास. आधी तुमच्या हाताने एक फूट शिवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा आणि मग स्वतःचा हिशेब मांडा. पुष्कळ जणींना काम किती उरले आहे हेच ठाऊक नसते, आणि त्या अज्ञाताची धास्ती प्रत्यक्ष कामापेक्षा मोठी असते.

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सुई हाती घेण्याचा बेत करू नका. फराळ, पाहुणे आणि ओवाळणी यांत ते होत नाही, आणि न झाल्याची रुखरुख मात्र लागते. भाऊबीज उलटल्यापासून शाळा उघडेपर्यंतचे जे दिवस हाती असतात, ते खरे शिवणाचे. त्या दिवसांत रोज तासभर दिला, तर मधला भाग पुरा होण्यासारखा आहे.

रंगीत चौकोनांच्या कामाचे वेगळे आहे. तेथे तुम्ही थर मांडण्यापाशी अडला आहात, आणि हे काम एकटीने करू नये. घरात माणसे आहेत तोवर एका सकाळी बैठकीची खोली रिकामी करून फरशी पुसून घ्या. अस्तर उलटे पसरा, त्याच्या कडा चिकटपट्टीने फरशीला बसवा, त्यावर मधले थर आणि शेवटी चौकोनांचा भाग अंथरा. प्रत्येक थर मध्यापासून कडांकडे हाताने साफ करत न्यावा. दोघांनी समोरासमोर बसून कडा धरल्या, तर चुण्या राहत नाहीत. मग एक एक वीत अंतरावर, तेही मध्यापासूनच सुरुवात करून, आडवे आणि उभे कच्चे टाके घाला. कडेपासून सुरुवात केली, तर कापडाचा सारा झोळ मध्यभागी गोळा होतो आणि तो नंतर कोणत्याही टाक्याने जिरत नाही. कच्चे टाके पडले की ते पांघरूण घडी करून कोठेही ठेवता येते आणि वीस मिनिटे मिळाली तरी मांडीवर घेऊन शिवता येते. या सुटीत त्याचे एवढेच काम करा. पक्की शिलाई मार्गशीर्ष-पौषात होईल; थंडीत मांडीवर जाड कापड घेऊन बसणे सुखाचेही असते.

दुपट्याचे काम एक-दोन दुपारींचे आहे. मुलगा मोठा झाला म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. नात्यात जे पुढचे बाळ येईल त्याच्यासाठी ते पुरे करा.

प्रश्न : आई गेल्यानंतर तिची अर्धी शिवलेली वाकळ माझ्याकडे आली. तिचे टाके बारीक आणि सरळ आहेत. माझे मोठे आणि वाकडे पडतात. मी शिवलेला भाग अगदी वेगळा दिसेल, या भीतीने हात धजत नाही. सगळे उसवून पुन्हा एकसारखे शिवावे का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : उसवू नका. हे मी पूर्ण आग्रहाने सांगते. तुमच्या आईने घातलेला प्रत्येक टाका हा त्या वाकळेचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि जुने कापड उसवताना सुईच्या भोकांपाशी फाटते, हे व्यवहाराचे कारणही तितकेच खरे आहे.

प्रथम कापडात किती दम उरला आहे ते पाहा. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत कापड धरून हलकेच ताणा आणि उजेडासमोर धरा. विरलेले लुगडे उजेडात जाळीसारखे दिसते. असा भाग सापडला, तर त्यावर मऊ सुती कापडाचे ठिगळ आधी लावा आणि ठिगळासकट शिवून काढा. वाकळेत ठिगळ हा दोष मानला गेलेला नाही. वापरात फाटेल तेथे नवा तुकडा लावत ती वर्षानुवर्षे टिकवण्याचीच आपली पद्धत आहे.

दोऱ्याचा रंग तंतोतंत जुळवण्याच्या मागे लागू नका. जुना दोरा उन्हाने आणि धुण्याने उतरलेला असतो. नवा दोरा आज जुळला, तरी पुढे त्याचा रंग निराळ्या गतीने उतरेल. जाडी मात्र जुळवा, कारण पातळ दोरा जुन्या कापडाला कापतो आणि जाड दोरा भोके मोठी करतो. दोरा सुतीच घ्या, सुईत एका वेळी हातभर ओवा आणि मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घ्या, म्हणजे त्याला गाठी बसणार नाहीत.

टाक्यांविषयी माझे मत असे, की आईची ओळ जेथे थांबली आहे, त्याच ओळीला लागून आपली ओळ सुरू करावी आणि टाक्याच्या लांबीपेक्षा दोन ओळींतल्या अंतराकडे अधिक लक्ष द्यावे. अंतर सारखे असेल, तर वाकळ अंगावर सर्वत्र सारखीच ऊबदार आणि मऊ लागते. टाके वेगळे दिसतील, आणि दिसू द्या. आईचा हात कोठे थांबला आणि लेकीचा कोठे सुरू झाला, हे पुढे नातवंडांना बोट ठेवून दाखवता येईल. शेवटच्या कोपऱ्यात तुमचे आणि आईचे नाव दोऱ्याने घालता आले, तर अवश्य घाला. राज्यातील सर्वांत कमी तापमानाच्या बातम्यांत ज्या निफाडचे नाव हिवाळ्यात वारंवार येते, तेथे ही वाकळ कपाटात ठेवण्यासाठी नाही, पांघरण्यासाठीच पुरी करा.

प्रश्न : पेटीत ठेवलेल्या अर्धवट गोधडीवर पिवळट डाग पडले आहेत, दोन ठिकाणी टाचण्यांचा गंज लागला आहे आणि एका साडीला कसर लागली आहे. शिवाय मधल्या लाल तुकड्याचा रंग जाईल की काय, अशी शंका येते. आधी धुवावी की आधी शिवावी? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : थर नीट टाचलेले नसतील तर आधी धुऊ नका, पाण्याने जड झालेले सुटे थर सरकतात आणि कच्ची शिलाई तुटते. प्रथम एक पूर्ण दिवस उन्हात दोन्ही बाजूंनी फिरवून घ्या आणि ब्रशने झटका. कसरीचे किडे खळीवर जगतात. म्हणून गोधडीत घालायचे कापड, खळ असल्यास, ती पूर्ण निघेपर्यंत धुऊनच वापरले पाहिजे. तुमच्या गोधडीतील खाल्लेला तुकडा सुटा करता येत असेल तर काढून टाका, येत नसेल तर वरून ठिगळ लावा.

लाल रंगाची परीक्षा सोपी आहे. पांढरे सुती कापड ओले करून त्या तुकड्यावर जोराने दाबून चोळा. पांढऱ्यावर रंग उतरला, तर तो तुकडा आताच बदला. गोधडी शिवून झाल्यावर पहिल्याच धुण्यात लाल रंग शेजारच्या फिक्या तुकड्यांत पसरला, तर तो काढण्याचा खात्रीचा उपाय नाही. रंग उतरला नाही, तरी पहिले धुणे गार पाण्यात, स्वतंत्र आणि भिजत न ठेवता करावे.

पिवळे डाग हळदीचे असतील, तर ते उन्हात आपोआप फिके होतात. गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवतात, पण गंज कापडाचे धागे कमकुवत करतो, म्हणून डाग गेला तरी त्या जागी दोन ओळी अधिक घाला. टाचण्या लावून कोणतेही शिवण पेटीत ठेवू नये. ठेवायचेच असेल, तर कच्चे टाके घालून ठेवावे.

प्रश्न : माझे वय 68 आहे आणि बोटांची पेरे दुखतात. सुरू केलेली गोधडी मशीनवर पुरी करावी की शिवून देणाऱ्या बाईंकडे द्यावी? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : जाड थर असतील, तर घरगुती मशीनवर दाब पडून वरचे कापड पुढे सरकते आणि चुण्या येतात. दोन-तीन थरांचीच गोधडी असेल, तर टाका मोठा करून आणि आधी दाट कच्चे टाके घालून मशीन चालते. तुमची अर्धी शिलाई हाताची आहे, म्हणून मला दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. मात्र ओळींतले अंतर आधी नमुना दाखवून ठरवा, कारण अंतर एका इंचाचे अर्धा इंच केले की काम बरोबर दुप्पट होते, आणि मजुरीही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे. वर मांडलेला हिशेब येथे उपयोगी पडेल : किती तासांचे काम आहे ते काढा आणि त्या तासांना शोभेल अशी मजुरी द्या. हाताच्या गोधडीची घासाघीस करणे मला पटत नाही. स्वतः थोडे शिवण्याची इच्छा असेल, तर अंगुस्तान वापरा, एका बैठकीत एकाच दोऱ्यापुरते शिवा आणि कोवळ्या उन्हात बसून काम करा. थंड बोटांनी सुई ओढणे अधिक त्रासाचे असते.

प्रश्न : पाच बाय सात फुटांच्या गोधडीला अस्तराचे कापड किती लागेल? (एक वाचक, मालेगाव)

उत्तर : 36 इंच पन्ह्याचे कापड असेल, तर दोन पट्टे जोडावे लागतील आणि आटण्यासाठी व कडांसाठी थोडे अधिक धरून पाच मीटर पुरते. मांजरपाट घेतल्यास तो रात्रभर भिजवून, वाळवून आणि इस्त्री करूनच कापा. जुने नऊवारी लुगडे धड असेल, तर ते सव्वाआठ मीटर भरते. त्याचे चार समान तुकडे करून दोन दोन जोडले, की पावणेसात फूट लांबीचे पूर्ण रुंदीचे दोन थर मिळतात, त्यामुळे अस्तर विकत घ्यावेच लागत नाही. लांबीत उरलेली फट काठाच्या पट्टीने भरून काढता येते.

प्रश्न : जुन्या जीन्सच्या तुकड्यांची गोधडी सुरू केली होती. ती इतकी जड झाली आहे की उचलवत नाही आणि सुई मोडते. सोडून द्यावी का? (एक वाचक, ओझर)

उत्तर : पांघरूण म्हणून ती सोडून द्या, कापड म्हणून सोडू नका. जड पांघरूण धुतले जात नाही, आणि जे धुतले जात नाही ते वापरलेही जात नाही. आतला थर असेल तर काढून टाका, जीन्सच्या तुकड्यांना खालून एकच सुती अस्तर लावा, मशीनवर 16 नंबरची सुई घालून केवळ जोडांवरून टीप मारा आणि कडेला पट्टी लावून बैठकीसाठी अंथरायला घ्या. तुकडे उरले, तर त्यांच्या दोन बसकुल्या होतील. जेथे चार-पाच शिवणी एकत्र येतात तेथे मशीन पायाने न चालवता चाक हाताने फिरवून टाका घ्या, म्हणजे सुई मोडणार नाही.