आईने पेढे वाटले होते

“मॅडम, १५ वर्षं आयसीयू केलंय मी. आणि परीक्षेत नापास. म्हणजे इतकी वर्षं मला काही येतच नव्हतं का?”

चाळिशीत परीक्षेला बसणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून बरेचदा ऐकते. बँकेतल्या असतात, टीईटी देणाऱ्या शिक्षिका असतात. ही वैशाली, टेक्सासमधली नर्स. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला तिची परवानगी आहे.) तिच्या रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असायचे. त्या वेळी आम्ही व्हिडिओवर बोलायचो.

ती मूळची सांगलीकडची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, इकडेच केलं. लग्नानंतर अमेरिका, तिथली नर्सिंगची परीक्षा, मग नोकरी करत बीएसएन (नर्सिंगची पदवी) आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टचं एमएसएन (पदव्युत्तर पदवी). आपल्याकडे एम.एस्सी. नर्सिंग झालेली बाई बहुधा कॉलेजात शिकवायला जाते. तिकडे ही स्पेशालिस्ट वॉर्डातच राहते, फक्त तिचं काम बदलतं. गुंतागुंतीचे रुग्ण बघणं, इतर नर्सेसच्या कामाची पातळी वाढवणं आणि हॉस्पिटलची रीतच चुकत असेल तर ती बदलायला लावणं, अशी तिन्ही अंगं तिने सांभाळायची. त्यासाठी देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाचे किमान ५०० तास लागतात. ते तिने नाइट करून भरले होते. राहिली होती ती फक्त सर्टिफिकेशनची परीक्षा: साडेतीन तास, १७५ प्रश्न. पास व्हायला ५०० पैकी ३५० लागतात, तिला ३३८ मिळाले.

माझी चूक आधी सांगते. पहिल्या दोन भेटींत मी हे परीक्षेच्या भीतीचं नेहमीचं प्रकरण समजले. छातीत धडधड, झोप नाही, हात गार पडणं, सगळं होतंच. मी श्वासाचे व्यायाम दिले. शिस्तीची बाई, तिने रोज केले. तिसऱ्या रविवारी म्हणाली, “मॅडम, श्वास मस्त चाललाय. उत्तरं अजून चुकतायत.”

मग मी तिला निकालाचा कागद आणायला सांगितला. तो स्वयंपाकघरात, किराण्याच्या बिलांच्या ड्रॉवरमध्ये होता. वरचा आकडा बघून तिने घडी घातली होती ती परत उलगडलीच नव्हती. “१२ मार्कांनी गेले” हे मात्र ती दिवसातून दहादा घोकायची. मी म्हटलं, हा स्केल केलेला आकडा आहे, बरोबर उत्तरांची मोजणी नव्हे. १२ म्हणजे १२ प्रश्न नव्हेत. खाली विषयवार लिहिलं होतं. प्रत्यक्ष रुग्णाच्या भागात ती चांगली होती. घसरली होती ती नर्सेस आणि यंत्रणा यांच्याविषयीच्या प्रश्नांत.

मला नर्सिंगमधलं काही कळत नाही. इथे त्याचाच उपयोग झाला. मी म्हटलं, सरावातला एखादा चुकलेला प्रश्न मला मराठीत समजावून सांगा. तिने घेतला तो साधारण असा: एका युनिटमध्ये लघवीच्या नळीमुळे होणारी इन्फेक्शन्स वाढली आहेत. स्पेशालिस्टने सर्वांत आधी काय करावं? नर्सेसना नळीची काळजी पुन्हा शिकवावी, नळीचा प्रकार बदलावा, नवं धोरण लिहावं, की आकडे आणि सध्याची पद्धत तपासावी?

“शिकवावी,” वैशाली लगेच म्हणाली. “मी तर सगळ्यांना बेडपाशी उभं करून दाखवलं असतं. पिशवी कुठे लटकवायची, हात कधी धुवायचे…” सांगताना तिचा उजवा हात वर आला होता, अदृश्य पिशवी पलंगाच्या खाली अडकवत होता.

“पण त्यांना येत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

ती थांबली. मग एकेक शक्यता तीच बोलायला लागली. नळी गरज नसताना घातली जात असेल. घातलेली काढायचा निर्णय डॉक्टरांच्या राउंडपर्यंत लांबत असेल. नाइटला माणसं कमी असतील. यातलं काहीच शिकवण्याने सुटणारं नव्हतं. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “मी अजून बेडपाशीच उभी आहे, मॅडम.”

१५ वर्षं अलार्म वाजला की हात आधी धावले. त्याच हातांनी माणसं वाचली. त्या सवयीला वाईट म्हणायला मी तयार नव्हते, तिलाही म्हणू दिलं नाही. पण परीक्षा विचारत होती ते दुसऱ्याच भूमिकेतल्या बाईला. पुढचे तीन रविवार आम्ही एवढंच केलं. तिने चुकलेले प्रश्न काढायचे आणि प्रत्येकाशेजारी लिहायचं, इथे मी कोण म्हणून उत्तर दिलं? वहीत “स्टाफ नर्स, स्टाफ नर्स, स्टाफ नर्स, घाईत वाचलं, स्टाफ नर्स” अशी ओळच लागली. तिलाच हसू आलं.

घाईत वाचण्याचं कारण वेगळं निघालं. साडेतीन तास भागिले १७५ म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. एखादा अनोळखी प्रश्न आला की ती तिथे चार-पाच मिनिटं अडकायची आणि मग पुढचे दहा धावत सोडवायची. या १७५ पैकी २५ प्रश्नांचे गुण धरतच नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी तपासायला घातलेले असतात. कुठले ते कळत नाही. हे तिला पाठ होतं, पण वापरलं कधी नव्हतं. आता अवघड प्रश्न आला की म्हणायचं, “हा त्या पंचविसातला असेल,” जमेल ते उत्तर द्यायचं आणि पुढे जायचं. खरं असो नसो, पुढचे दहा वाचतात.

नाइट संपवून सकाळी आठला पुस्तक उघडणं मी बंद करायला लावलं. त्यावर वाद झाला, तो लिहीत नाही.

आता पेढ्यांचं. पहिल्या परीक्षेच्या दिवशी तिने आईला फोनवर सांगितलं, “झाली गं परीक्षा.” आईने ‘झाली’चा अर्थ आपल्या मनासारखा घेतला आणि संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंचा अभिनंदनाचा मेसेज. त्यानंतर सात आठवडे वैशाली आईशी हवापाण्यावर बोलत होती. मला वाटतं, तिची निम्मी झोप परीक्षेने नाही, या पेढ्यांनी उडवली होती. नापास झाल्यावर पुन्हा बसायला किमान ६० दिवस थांबावं लागतं. त्या ६० दिवसांतले जवळपास ५० तिने हे ओझं घेऊन अभ्यास केला.

मी सांगा म्हटलं नाही. फक्त विचारलं, आई काय म्हणेल असं वाटतं? तिने मोठी यादी सांगितली. एका गुरुवारी तिने स्वतःच फोन केला. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “लोकांनी खाल्ले की पेढे. आता काय परत मागू? तू जेवलीस का?”

दुसऱ्यांदा ती ६८व्या दिवशी बसली. पहिल्या वेळी सेंटरवर मंगळसूत्र काढून लॉकरमध्ये ठेवायला लावलं होतं, त्यात तिचा पहिला अर्धा तास मनातल्या मनात गेला होता. या वेळी ते घरीच देवापाशी ठेवून गेली. माझ्याकडे रात्रीचे दोन वाजले होते, मेसेज सकाळी उठल्यावर पाहिला: “पास. चौदा वेळा ‘पंचविसातला असेल’ म्हटलं.”

त्या रविवारी मी विचारलं, आईला कळवलंत का?

“अजून नाही. आधी सर्टिफिकेट हातात येऊ दे.”