पपईला नुसतीच फुलं येतात, फळ धरत नाही. खोडात खिळा ठोकला तर नराची मादी होते का?

नाही होत. खिळा ठोकला असेल तर काढून टाका; जखमेत पाणी मुरून बुंधा सडायचं भय असतं.

लांब लोंबत्या दांड्यांवर बारीक फुलांचे झुबके येतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे झाड नर आहे. मादीचं फूल पानाच्या बेचक्यात, खोडाला लगटून येतं. पाकळ्या बाजूला केल्या की आत इवलीशी पपई तयारच दिसते. तिसरी जात द्विलिंगी झाडांची, म्हणजे एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग; बाजारातली लांबट फळं बहुतेक त्यांचीच.

हे सगळं बी धरतानाच ठरून जातं. पपईत गुणसूत्रांच्या 9 जोड्या. त्यातल्या एका जोडीत मादीला दोन एक्स, नराला एक एक्स आणि एक वाय. द्विलिंगी झाडातही वायच असतो, फक्त जरा निराळा. हा निराळा वाय मला फार विलक्षण वाटतो. 2015 साली वनस्पतींच्या जनुकांचे अभ्यासक रे मिंग यांच्या गटानं दोन्ही वाय ताडून पाहिले, तेव्हा ते साधारण 4000 वर्षांपूर्वीच वेगळे झाले असावेत असं निघालं. रानटी पपईत नर आणि मादीच सापडतात. म्हणजे द्विलिंगी झाड मध्य अमेरिकेतल्या जुन्या शेतकऱ्यांनी, बहुधा माया लोकांनी, हेरून जपलं असावं.

दोन वाय एकत्र आले की गर्भ जगत नाही. त्यामुळे द्विलिंगी झाडाच्या स्वतःच्याच परागावर धरलेल्या बियांतून दोन द्विलिंगींमागे एक मादी निघते, नर नाहीच. तुमच्या बियाचा बाप नर होता, हे जवळजवळ नक्की.

खिळ्याची समजूत कशी रुजली असेल तेही सांगतो. हवा बदलली की काही नर झाडांच्या दांड्यांवर एखाददुसरं द्विलिंगी फूल येतं आणि लोंबती, लहानशी पपई धरते. श्रेय खिळ्याला जातं. गुणसूत्रं होती तशीच राहतात.

शेजारीपाजारी मादी झाड असेल तर हे तोडू नका, तिला पराग लागतो. नवी लावताना तैवान 786 या वाणासारखं खात्रीचं बी आणा. घरचंच बी वापरायचं तर एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावा, फूल दिसेपर्यंत थांबा आणि मग हवं ते एक ठेवा. डीएनए तपासून रोपातच लिंग कळतं, पण परसातल्या दोन झाडांसाठी तो खर्च करू नये. काळं बी नराचं, फिकं मादीचं, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.