मेलबर्नहून ग्रेट ओशन रोड एका दिवसात होईल का?

होईल हो, पण नका करू. टॉर्की ते ॲलन्सफोर्ड हा रस्ता साधारण २४० किमीचा असला तरी वळणं इतकी आहेत की स्पीड मिळतच नाही, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी "थांब थांब, फोटो" म्हणतंच. अपोलो बेला एक रात्र मुक्काम टाका. जाताना टॉर्कीकडूनच शिरा, म्हणजे समुद्र डाव्या हाताला राहतो, आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असल्याने व्ह्यू पॉइंटला पटकन वळता येतं. केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांवर कोआला शोधा, राखाडी गाठोडं अडकल्यासारखे झोपलेले असतात. ट्वेल्व्ह अपोसल्स म्हणजे समुद्रात उभे असलेले उंच खडक संध्याकाळी बघा, नावात बारा असले तरी तितके खडक नाहीयेत, एक तर २००५ मध्ये कोसळला. येताना कोलॅकवरून आतल्या हायवेने या, अंधारात मात्र कांगारू आडवे येतात.